विल्यम्सचा शेवटचा रविवार

दोस्तांनो, समजा तुम्ही तुमच्या गल्लीत क्रिकेटची टीम काढली. बॅट तुमची, स्टंप तुमचे, टीमला नावही तुमचंच. आधी सगळे हसले. पण तुम्ही एकेक खेळाडू जमवत गेलात आणि टीमनं आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांना हरवलं. मग दिवस फिरले. टीम सारखी हरायला लागली. नवा बॉल घ्यायलासुद्धा पैसे उरले नाहीत. अशा वेळी एक जण आला आणि म्हणाला, ‘‘टीम मला द्या. नाव तेच ठेवतो, पोरंही तीच ठेवतो. फक्त यापुढे टीम तुमची नसेल.’’

काय कराल? लगेच उत्तर देऊ नका हं! आधी ही खरी गोष्ट वाचा. ती गल्लीतली नाही, ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेगानं पळणाऱ्या गाड्यांच्या जगातली आहे. त्या जगाचं नाव फॉर्म्युला वन. आणि टीमचं नाव विल्यम्स.

प्रिन्सिपल, पण शाळेचे नव्हेत!

टीव्हीवर फॉर्म्युला वनची शर्यत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. आपल्याला दिसतो तो हेल्मेटमधला ड्रायव्हर. पण त्याच्यामागे शेकडो माणसं राबत असतात. कुणी गाडीचं चित्र काढतं, कुणी पत्रा कापतं, कुणी चाकं बदलतं. चाकं बदलायला किती वेळ लागत असेल? अझरबैजानमधल्या बाकू शहरात २०१६ साली झालेल्या शर्यतीत विल्यम्सच्या माणसांनी चारही चाकं १.९२ सेकंदात बदलली होती. तुम्ही ‘चारही चाकं बदलली’ असं म्हणेपर्यंत गाडी निघूनसुद्धा गेली असती.

२०२० साली अशा १० टीम होत्या. प्रत्येक टीमच्या दोन गाड्या, म्हणजे शर्यतीत २० गाड्या. पहिल्या दहा जणांना गुण मिळतात. पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, असं करत करत दहाव्याला १. अकराव्याला भोपळा! वर्षाच्या शेवटी दोन विजेते ठरतात, एक ड्रायव्हर आणि एक टीम. इंजिन दुसऱ्या कंपनीकडून घेतलं तरी चालतं, पण गाडीचा सांगाडा टीमनं स्वतःच तयार करायचा असतो.

हा सगळा संसार सांभाळणाऱ्या माणसाला म्हणतात ‘टीम प्रिन्सिपल’. पैसा आणायचा त्यानं, ड्रायव्हर निवडायचे त्यानं, इंजिनीअर जमवायचे त्यानं. आणि टीम हरली की बोलणी खायची तीही त्यानंच. विल्यम्स टीमचा हा प्रिन्सिपल होता फ्रँक विल्यम्स. १९७७ पासून २०२० पर्यंत, म्हणजे तब्बल ४३ वर्षं!

टेलिफोनच्या खोक्यातलं ऑफिस

फ्रँकचा जन्म १६ एप्रिल १९४२ चा, इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्स गावचा. वडील हवाई दलात, आई शिक्षिका. फ्रँकला शिकायला ठेवलं स्कॉटलंडमधल्या एका वसतिगृहाच्या शाळेत. तिथे एका मित्राच्या घरच्या जॅग्वार गाडीत बसायला मिळालं आणि पोराला वेगाचं वेडच लागलं. शर्यत बघायची म्हणून तो रस्त्यावर अंगठा दाखवून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्यांतून जायचा. पुढे त्यानं स्वतः गाडी चालवून पाहिली, पण त्यात फार काही जमलं नाही.

मग त्यानं ठरवलं, चालवता येत नाही तर चालवणारे आपण उभे करू. गावोगाव फिरून किराणा माल विकायचा आणि मिळालेला पैसा गाड्यांत घालायचा. १९६६ साली त्यानं पहिली टीम काढली. १९६९ साली त्याचा मित्र पिअर्स करेज यानं फ्रँकच्या गाडीतून मोनॅकोच्या शर्यतीत दुसरा नंबर मिळवला. वाटलं, आता आपले दिवस आले! पण पुढच्याच वर्षी हॉलंडमधल्या झँडव्हूर्टला करेजच्या गाडीला अपघात झाला, गाडीनं पेट घेतला आणि त्यात तो गेला. फ्रँकनं टीमचा ड्रायव्हर गमावला आणि जिवलग मित्रही.

त्यानंतरची वर्षं ओढाताणीची. उधारी इतकी, की बिल न भरल्यामुळे ऑफिसचा फोन कापला गेला. मग फ्रँक काय करायचा, माहीत आहे? रस्त्यावरच्या सार्वजनिक टेलिफोनच्या खोक्यात जाऊन उभा राहायचा आणि तिथूनच धंदा चालवायचा! त्याची बायको जिनी, तिनं तर स्वतःचा फ्लॅट विकून त्याला पैसे दिले.

पहिल्यांदा टीम सोडली तेव्हा

आता नीट लक्ष द्या. फ्रँक विल्यम्सनं आयुष्यात अडचणीतली टीम दोनदा सोडली. त्यातली ही पहिली वेळ.

१९७६ साली कर्जात बुडालेल्या टीमचा मोठा हिस्सा त्यानं वॉल्टर वुल्फ नावाच्या कॅनडातल्या एका श्रीमंत उद्योगपतीला विकला. वाटलं होतं, पैसा त्याचा आणि कारभार आपला. पण झालं उलटंच. हळूहळू फ्रँकच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं गेलं. स्वतःच उभारलेल्या टीममध्ये तो बिनकामाचा झाला. शेवटी तो बाहेर पडला.

आणि नशिबाची थट्टा बघा. जानेवारी १९७७ मध्ये अर्जेंटिनाला हंगामाची पहिली शर्यत झाली. वुल्फची नवी गाडी पहिल्यांदाच उतरली आणि चक्क पहिली आली! इतकी वर्षं फ्रँकला जे जमलं नव्हतं, ते त्याला वगळल्यावर झालं. तुमच्या-आमच्यासारखा कुणी असता तर म्हणाला असता, ‘‘जाऊ दे. हे काम आपलं नव्हेच.’’

फ्रँकनं काय केलं? डिडकॉट गावात गालिच्यांचं एक रिकामं गोदाम घेतलं. पॅट्रिक हेड नावाचा एक तरुण इंजिनीअर सोबतीला घेतला. आणि पुन्हा श्रीगणेशा केला! त्या वर्षी तर स्वतःची गाडीही नव्हती, दुसऱ्या कंपनीची विकत घेऊन पळवली.

फक्त दोन वर्षांनी, १४ जुलै १९७९ रोजी, इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या मैदानात क्ले रेगाझोनी यानं विल्यम्सला पहिला विजय मिळवून दिला. जिंकणारे एरवी शॅम्पेन उडवतात. पण टीमचे पुरस्कर्ते सौदी अरेबियातले होते, म्हणून रेगाझोनीनं त्या दिवशी संत्र्याचा रस घेतला! पुढच्याच वर्षी अॅलन जोन्स जगज्जेता झाला आणि टीमच्या यादीतही विल्यम्स पहिली आली.

आठ मार्च

फ्रँकला पळायचा भारी नाद. रोज मैलोन्मैल पळायचा. ८ मार्च १९८६ रोजी फ्रान्समध्ये नव्या गाडीची चाचणी उरकून तो भाड्याच्या मोटारीनं विमानतळाकडे निघाला. घाई होती, वेग जास्त होता. गाडी रस्ता सोडून खाली शेतात उलटली. त्याच्या मणक्याला जबर इजा झाली. जीव वाचला, पण मानेखालचं बहुतेक शरीर कायमचं लुळं पडलं. वय होतं ४३. चूक आपलीच होती, हे तो पुढे मोकळेपणी सांगायचा.

आता टीम बंद पडणार, असं अनेकांना वाटलं. पण पॅट्रिक हेडनं काम थांबू दिलं नाही. जुलैमध्ये इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचला नायजेल मॅन्सेल जिंकला, तेव्हा टीमच्या वतीनं करंडक घ्यायला मंचावर चढली ती जिनी. आणि फ्रँक? तो चाकांच्या खुर्चीतून पुन्हा कामावर आला.

एक गणित करून बघा. विल्यम्सनं टीमचं विजेतेपद एकूण ९ वेळा मिळवलं. त्यातली ७ विजेतेपदं अपघातानंतरची आहेत. म्हणजे ज्या माणसाला स्वतःच्या हातानं पेन धरणं शक्य नव्हतं, त्याच्या टीमनं जगातल्या सगळ्यांत वेगवान गाड्या बनवल्या.

त्यातली १९९२ सालची गाडी तर जादूचीच म्हणायची. गाडी वेगात जाते तेव्हा तिच्या वरून आणि खालून हवा वाहते आणि तिला जमिनीवर दाबून धरते. पण खड्डा आला, वळण आलं, ब्रेक लागला की गाडी कलते, हवेचा दाब बिघडतो. विल्यम्सच्या इंजिनीअरांनी संगणक बसवला. गाडी कलायला लागली की संगणक चाकांजवळच्या दट्ट्यांना हुकूम द्यायचा आणि गाडी जमिनीपासून ठरलेल्या उंचीवरच राहायची. त्या वर्षी मॅन्सेलनं १६ पैकी ९ शर्यती जिंकल्या. पुढे १९९४ पासून नियमानंच ही युक्ती बंद करावी लागली!

पण फ्रँक म्हणजे कुणी देवमाणूस होता असंही नाही, बरं का. ड्रायव्हरांच्या बाबतीत तो कठोर होता. मॅन्सेल जगज्जेता झाला आणि टीम सोडून गेला. डेमन हिलला तर १९९६ च्या हंगामातच कळलं होतं, की पुढच्या वर्षी आपल्याला जागा नाही. तरी तो जिद्दीनं खेळला आणि जगज्जेता झाला. गाडी मोठी, ड्रायव्हर येतात आणि जातात, असा फ्रँकचा हिशोब.

आणि एक जखम मात्र कधी भरली नाही. १ मे १९९४ रोजी इटलीतल्या इमोलाला ब्राझीलचा महान ड्रायव्हर आयर्टन सेन्ना विल्यम्सच्याच गाडीत अपघातात गेला. त्यानंतर कितीतरी वर्षं विल्यम्सच्या प्रत्येक गाडीवर त्याच्या आठवणीची एक छोटी खूण असायची.

३२०, २५७, १३८, ८३…

१९९७ साली विल्यम्सनं शेवटचं विजेतेपद मिळवलं. मग घसरण का झाली?

गाडीचा हुशार चित्रकार एड्रियन न्यूई दुसऱ्या टीमकडे गेला. इंजिन देणारी रेनॉ कंपनी बाजूला झाली. पुढे बीएमडब्ल्यू आली, पण २००५ नंतर तीही गेली आणि तिनं स्वतःच एक टीम विकत घेतली. मोठमोठ्या मोटार कंपन्यांच्या टीम पाण्यासारखा पैसा ओतू लागल्या. विल्यम्सकडे मात्र कुठलीही मोटार कंपनी नव्हती. ती होती घरची टीम. निम्म्याहून जास्त हिस्सा फ्रँकच्या कुटुंबाचा. (याच काळात, २००६ आणि २००७ साली, आपला नारायण कार्तिकेयन विल्यम्सचा चाचणी ड्रायव्हर होता!)

शिवाय एक दुष्टचक्र असतं. वर्षअखेरीला वरच्या नंबराच्या टीमला बक्षिसाचा पैसा जास्त, खालच्याला कमी. म्हणजे हरलात की पैसा कमी. पैसा कमी की गाडी हळू. गाडी हळू की पुन्हा हार!

२०१३ पासून रोजचा कारभार फ्रँकची मुलगी क्लेअर बघू लागली. पद मात्र वडिलांचंच राहिलं, ती झाली उपप्रमुख. ती आधी टीमच्या पत्रकार विभागात काम करायची. फॉर्म्युला वनमध्ये टीम चालवणाऱ्या बायका तेव्हा दोघीच. एक क्लेअर आणि दुसरी सॉबर टीमची मोनिशा काल्टेनबॉर्न, जिचा जन्म आपल्या डेहराडूनचा.

सुरुवात झकास झाली. २०१४ आणि २०१५ साली टीम तिसरी आली. पण मग काय झालं ते नुसते गुण वाचलेत तरी कळेल. २०१४ साली ३२०, मग २५७, मग १३८, मग ८३. २०१८ साली ७. २०१९ साली १. आणि २०२० साली शून्य!

परीक्षेचे असे मार्क घेऊन घरी जाताना कसं वाटतं? क्लेअरला ते दर पंधरवड्याला सगळ्या जगासमोर सोसावं लागायचं. २०१९ च्या फेब्रुवारीत तर बार्सिलोनाला चाचणीसाठी बाकी सगळ्या टीम मैदानात पळत होत्या आणि विल्यम्सची गाडी तयारच झाली नव्हती. पहिले दोन दिवस गॅरेज रिकामं.

पण त्या वर्षीच्या एका गुणाची गोष्ट ऐका. पोलंडचा रॉबर्ट कुबित्सा २०११ साली एका अपघातात उजव्या हाताला भयंकर जखमी झाला होता. तो हात पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. आठ वर्षांनी त्याला फॉर्म्युला वनमध्ये परत जागा दिली ती विल्यम्सनं. जर्मनीतल्या पावसाळी शर्यतीत तो बारावा आला, पण पुढच्या दोघांना दंड झाला आणि कुबित्सा दहावा ठरला. वर्षातला तो एकमेव गुण! कमकुवत हाताचा ड्रायव्हर आणि खुर्चीतला मालक. तो एक गुण काही मोठ्या टीमच्या शंभर गुणांपेक्षा हलका नव्हता.

दुसऱ्यांदा टीम सोडली तेव्हा

मग आलं २०२०. करोनामुळे मार्चमधली पहिली शर्यत रद्द झाली. शर्यत नाही म्हणजे कमाई नाही. मे महिन्यात मुख्य पुरस्कर्त्याबरोबरचा करारही संपला. शेकडो लोकांचे पगार द्यायचे कुठून?

कुटुंबासमोर दोन वाटा होत्या. मालकी घट्ट धरून ठेवायची आणि टीम बुडताना पाहायची. नाहीतर टीम दुसऱ्याच्या हाती सोपवायची आणि ती वाचवायची.

२१ ऑगस्ट २०२० रोजी जाहीर झालं, की अमेरिकेतल्या डोरिल्टन कॅपिटल या कंपनीनं विल्यम्स टीम विकत घेतली. किंमत सुमारे १५ कोटी २० लाख युरो. नाव विल्यम्सच राहणार, कारखानाही इंग्लंडमधल्या ग्रोव्ह गावातच राहणार.

मग विल्यम्स मंडळी तरी कशाला गेली? थांबली असती की! पण नव्या मालकांना नव्यानं सुरुवात करता यावी, म्हणून आपण बाजूला होतो, असं क्लेअरनं जाहीर केलं. मला वाटतं, १९७६ सालची गोष्ट त्या घरात कुणी विसरलं नसणार. एका टीमला दोन मालक असले की काय होतं, ते फ्रँकनं भोगलं होतं. आणि योगायोग बघा, क्लेअरचा जन्मही १९७६ चाच.

६ सप्टेंबर २०२०, रविवार. इटलीतलं मोंझा, जगातल्या सगळ्यांत वेगवान शर्यतमार्गांपैकी एक. एरवी तिथे माणसांचा समुद्र असतो, पण करोनामुळे त्या दिवशी प्रेक्षकच नव्हते. फ्रँक ७८ वर्षांचा होता. तब्येतीमुळे त्यानं शर्यतींना जाणं आधीच थांबवलं होतं. क्लेअर मात्र तिथे होती.

शर्यत मोठी गमतीची झाली. आघाडीचे सगळे बडे गडगडले आणि पिअर गॅस्ली नावाचा तरुण अनपेक्षितपणे जिंकला. विल्यम्सचा निकोलस लतिफी कितवा आला असेल? अकरावा. एका नंबरानं गुण हुकला! दुसरा ड्रायव्हर जॉर्ज रसेल चौदावा.

सिनेमा असता तर शेवटच्या दिवशी टीम जिंकली असती, ढोल वाजले असते. खऱ्या आयुष्यात तसं नेहमी होत नाही. ४३ वर्षांच्या कारभाराचा शेवट भोपळ्यानं झाला, आणि विल्यम्स कुटुंब घरी गेलं.

पुढे काय झालं?

गोष्ट इथे संपली असती तर ती मी तुम्हाला सांगितली नसती.

त्याच वर्षाअखेरीला नवा नियम लागू व्हायचा होता. २०२१ पासून टीमनं ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. म्हणजे श्रीमंत टीमला लगाम! त्याचा फायदा लहान टीमना व्हायचा होता, पण तोपर्यंत तगून राहायला हवं होतं. विल्यम्स तगली, कारण तिच्या मालकांनी वेळेवर हात सोडला.

१ ऑगस्ट २०२१ रोजी हंगेरीच्या शर्यतीत लतिफी सातवा आणि रसेल आठवा आला. दोन वर्षांनी गुण मिळाले. रसेलला तर मुलाखत देताना रडू आवरेना. फ्रँक तेव्हा हयात होता. २८ नोव्हेंबर २०२१ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, तो गेला.

२०२५ साली बाकूला कार्लोस साइंझनं विल्यम्सला तिसरा नंबर मिळवून दिला आणि वर्षअखेर टीम पाचवी आली. त्या गाडीचं नाव काय होतं सांगू? एफडब्ल्यू ४७. एफडब्ल्यू म्हणजे फ्रँक विल्यम्स! नव्या मालकांनी ती दोन अक्षरं बदलली नाहीत.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. तुमची टीम, तुमचं नाव, आणि दारात उभा असलेला तो माणूस. पहिल्यांदा टीम सोडावी लागली तेव्हा फ्रँकनं गालिच्याच्या गोदामात नवी टीम उभी केली. दुसऱ्यांदा सोडताना टीम जगावी म्हणून तो बाजूला झाला. दोन्ही वेळा दुखलं असणार. आपल्याला शाळेत, घरी, सगळीकडे सांगतात, ‘‘चिकाटी सोडू नका.’’ ते खरंच आहे. पण कधी धरून ठेवायचं आणि कधी सोपवायचं, हे कोण सांगणार? आज जेवताना आईबाबांना विचारा. त्यांनीही कधीतरी असं काही मनापासून उभं केलेलं दुसऱ्याच्या हाती दिलं असेल. ते सांगतील, मात्र तुम्ही मध्ये बोलायचं नाही हं!

चौकट : विल्यम्सची पाटी (१९७७ ते २०२०)

शर्यती जिंकल्या : ११४

टीमची विजेतेपदं ९ : १९८०, १९८१, १९८६, १९८७, १९९२, १९९३, १९९४, १९९६, १९९७

जगज्जेते ड्रायव्हर ७ : अॅलन जोन्स (१९८०), केके रोझबर्ग (१९८२), नेल्सन पिके (१९८७), नायजेल मॅन्सेल (१९९२), अॅलन प्रॉस्ट (१९९३), डेमन हिल (१९९६), जॅक व्हिलनव्ह (१९९७)

पहिला विजय : सिल्व्हरस्टोन, १९७९, क्ले रेगाझोनी

कुटुंबाच्या मालकीतला शेवटचा विजय : बार्सिलोना, २०१२, पास्टर माल्डोनाडो